निकाल लागला, पुढे सरकार काय करते?



जिल्ह्याच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "कोर्टानं तर आपल्या बाजूनं निकाल दिला, मग आपल्या पदरात काहीच कसं पडलं नाही?" विचारणारा चिडलेला असतो आणि त्याचे चिडणे रास्त असते. वर्तमानपत्रात मोठा मथळा आलेला असतो, 'न्यायालयाचा सरकारला दणका'. सहा महिन्यांनी तहसिलात जाऊन पाहावे तर दणका कोणाला बसला ते कळत नाही. टेबल तेच, फाईल तीच, उत्तर तेच. मग माणूस म्हणतो, "जाऊ द्या, कोर्टही त्यांचंच."

कोर्ट त्यांचे नाही. पण निकाल लागला की काम संपले, ही आपली समजूत चुकीची आहे. मी कायद्याचा माणूस नाही, शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. म्हणून माझ्या भाषेत सांगतो. निकाल म्हणजे पेरणी झाली, एवढेच. उगवण, निंदणी, राखण सगळे पुढे असते. आपण पेरणी करून घरी जातो आणि सरकार मात्र शेतात थांबते. निकालानंतर सरकारपुढे कोणकोणते रस्ते असतात, त्यांतले कोणते रास्त आणि कोणते चोरवाटेचे, हे आज मांडतो.

एका शब्दाची गोष्ट

२०१५ चा खरीप आठवा. मराठवाड्यात आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात पावसाने दगा दिला होता. पऱ्हाटी गुडघ्याला लागली नाही, ज्वारी पोटरीतच अडकली. सरकारने गावांच्या याद्या काढल्या, पण आदेशात शब्द घातला 'दुष्काळसदृश परिस्थिती'. म्हणजे दुष्काळासारखे काहीतरी आहे, दुष्काळ नव्हे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिकांमध्ये गेले. मे २०१६ मध्ये सरकारने न्यायालयाला सांगितले की आदेशांत 'दुष्काळसदृश'च्या जागी 'दुष्काळ' असे वाचले जाईल. सुमारे २९ हजार गावांचा हा प्रश्न होता. एक शब्द खोडायला खरिपाची सुगी, रब्बी आणि अर्धा उन्हाळा गेला.

आपल्याला वाटले, शब्द गेला. २०२३ साली पाऊस पुन्हा रुसला. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बाकीच्यांची ओरड सुरू झाली तेव्हा नोव्हेंबरात आणखी १ हजार २१ महसूल मंडळांची यादी निघाली. आणि त्या मंडळांसाठी शब्द कोणता? 'दुष्काळसदृश'. सात वर्षांपूर्वी उच्च न्यायालयापुढे पुसलेला शब्द मागच्या दाराने परत आला.

यात न्यायालयाचा अपमान झाला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. २०१६ चा मामला २०१६ च्या आदेशांपुरता होता. सरकारने तो पाळला आणि पुढच्या दुष्काळात जुनाच शब्द काढला. सरकार निकालाला उत्तर कसे देते, त्याचा हा नमुना.

रास्त रस्ते

राज्यघटनेने तीन हात वेगळे केले आहेत. विधिमंडळ कायदा करते, सरकार तो राबवते, न्यायालय त्याचा अर्थ लावते आणि घटनेत न बसणारे रद्द करते. निकाल लागला म्हणून बाकीच्या दोघांनी हात बांधून बसावे असे घटना म्हणत नाही. तसे म्हणणे शेतकऱ्याच्याही हिताचे नाही.

पहिला रस्ता अर्थातच निकाल पाळण्याचा. दुसरा, पुनर्विलोकन मागण्याचा किंवा वरच्या न्यायालयात जाण्याचा. दोन्ही उघड आहेत. सरकार अपिलात गेले म्हणून संतापू नये. आपणही हरलो की जातोच. फक्त एक लक्षात ठेवावे. नुसते अपील केल्याने निकाल थांबत नाही, त्याला स्थगिती मिळावी लागते. "आम्ही वर गेलो आहोत" असे सांगून परत पाठवणाऱ्याला विचारा, स्थगितीचा आदेश कुठे आहे?

तिसरा रस्ता कायदा बदलण्याचा. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली एक रेघ आखून दिली आणि योगायोग असा की ते प्रकरण एका कापड गिरणीचे होते, पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भडोच नगरपालिका. वाद करआकारणीचा होता. त्यात न्यायालयाने सांगितले ते असे : विधिमंडळ नुसते "हा निकाल आम्हाला बंधनकारक नाही" असे म्हणू शकत नाही. मात्र ज्या दोषामुळे निकाल विरुद्ध गेला तो दोष कायद्यातून काढून टाकता येतो, मागच्या तारखेपासूनही. बांध फुटला म्हणून कोर्टाने पाणी अडवायला मनाई केली असेल, तर बांध दुरुस्त करा. बांध तसाच ठेवून कोर्टाचा कागद फाडू नका.

पाटण्याचा निकाल आणि नववे परिशिष्ट

कायदा बदलूनही भागत नसेल तर घटनाच बदलण्याचा रस्ता उरतो. तो पहिल्यांदा वापरला गेला तो शेतजमिनीच्याच प्रश्नावर. बिहारने १९५० साली जमीनदारी नष्ट करण्याचा कायदा केला. मोठ्या जमीनदाराला उत्पन्नाच्या कमी पटीत आणि लहानाला जास्त पटीत मोबदला, अशी त्यात तरतूद होती. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने हा भेदभाव समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून कायदा रद्द केला. आपल्या विदर्भातले मालगुजार अशाच कायद्याविरुद्ध नागपूर उच्च न्यायालयात गेले होते. तिथे मात्र मध्य प्रदेशचा कायदा टिकला. म्हणजे दोन उच्च न्यायालयांची दोन मते.

दिल्लीतल्या सरकारने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली नाही. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून रद्द करता येणार नाही, अशी सोय झाली. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. बिहारचा कायदा पहिला, मुंबई राज्याचा कुळकायदा दुसरा. निजामाच्या मुलखातल्या जहागिरी संपवणारा हैदराबादचा कायदाही त्याच यादीत होता. आज या सभेत बसलेल्यांपैकी अनेकांच्या सातबाऱ्याचे मूळ त्या यादीत सापडेल. सरकारने न्यायालयाला दिलेले प्रत्येक उत्तर शेतकऱ्याच्या विरोधात असते असे म्हणणाऱ्याने हे आधी वाचावे.

पण कुळाला जमीन मिळावी म्हणून उघडलेल्या या दारातून पुढे काय काय आत गेले? १३ चे २८४ कायदे झाले. आणीबाणीत, १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने, जीवनावश्यक वस्तूंचा कायदाही त्यात बसवला गेला. याच कायद्याच्या बळावर सरकार व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालते आणि डाळ-कांद्याचा भाव तुमच्या बाजारात पडतो. त्याचा आणि जमीनदारी संपवण्याचा संबंध काय?

त्याच्या आदल्या वर्षी तर कमाल झाली होती. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. महिना संपायच्या आत आणीबाणी आली आणि ऑगस्टात घटनाच दुरुस्त करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेला गेला. निवडणूक वैध असल्याचेही त्या दुरुस्तीतच लिहून टाकले होते. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तेवढे कलम रद्द केले, कारण १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात ठरले होते की घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही. जानेवारी २००७ मध्ये न्यायालयाने नवव्या परिशिष्टालाही तीच कसोटी लावली. २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेला कायदा या चौकटीवर तपासता येतो. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९७६ चा पाहुणा आहे, हे ध्यानात असू द्या.

वटहुकुमाची चटक

विधिमंडळ बसलेले नसताना तातडीची गरज पडली तर वटहुकूम काढण्याची सोय आहे. सभागृह भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे दप्तर तपासून दाखवले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम सभागृहापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढले गेले. उसाच्या खरेदीचा एक वटहुकूम तेरा वर्षांहून अधिक काळ असाच जिवंत ठेवला होता. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी केलेली लबाडी म्हटले. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी तेच पुन्हा सांगितले.

आता आपल्या जमिनीचे उदाहरण घ्या. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जुन्या संपादनाचा निवाडा होऊन पाच वर्षे उलटली आणि ताबा घेतला नाही किंवा मोबदला दिला नाही, तर ते संपादन रद्द होईल असे त्यात होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका प्रकरणात सांगितले की पैसे सरकारी खजिन्यात भरून ठेवणे म्हणजे शेतकऱ्याला मोबदला देणे नव्हे. ३१ डिसेंबर २०१४ ला केंद्राने वटहुकूम काढला. स्थगितीचा काळ पाच वर्षांत धरायचा नाही, खात्यात भरून ठेवलेला पैसाही चालेल, असे बदल त्यात होते. हा वटहुकूम २०१५ मध्ये आणखी दोनदा काढला. देशभरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, राज्यसभेत बहुमत नव्हते, आणि ऑगस्ट २०१५ अखेर तो संपला. सभागृहात जे साधले नाही ते मार्च २०२० मध्ये न्यायालयातूनच आले. पाच न्यायमूर्तींनी २०१४ चा निकाल फिरवला. ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द, असा कायद्याचा अर्थ लावला.

वटहुकूम आला तेव्हा आपण रस्त्यावर होतो. तेच कलम पुढे न्यायालयात चालले तेव्हा आपण कुठे होतो? निकाल मिळवला की झोपावे अशी सोय नाही, ती अशी.

सगळ्यांत सोपी चोरवाट

वर सांगितलेले रस्ते निदान दिसतात. कायदा बदलला तर चर्चा होते, वटहुकूम राजपत्रात येतो. न दिसणारी वाट आहे ती नियमावलीची आणि परिपत्रकाची. कोरडवाहू शेतकऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते.

११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या प्रश्नावर मोठा निकाल दिला. देशाला साधनांची नव्हे, इच्छेची वाण आहे, अशा आशयाचे लोकमान्य टिळकांच्या नावाने सांगितले जाणारे वचन निकालाच्या आरंभी घेतले होते. दुष्काळ जाहीर करायला टाळाटाळ करणाऱ्या राज्यांना न्यायालयाने खडसावले आणि केंद्राला अनेक आदेश दिले. त्यांतले दोन पाहू. एक, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सांगितलेला आपत्ती निवारण निधी तीन महिन्यांत उभा करा. दोन, २००९ ची दुष्काळ नियमपुस्तिका डिसेंबर २०१६ पर्यंत सुधारा.

निधीची अधिसूचना निघाली फेब्रुवारी २०२१ मध्ये. तीन महिन्यांचे साडेचार वर्षांहून अधिक झाले. नियमपुस्तिका मात्र वेळेवर आली. एवढी तत्परता का, ते ती उघडल्यावर कळते. आधी पावसाची तूट किंवा खंड. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेला हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, धरण आणि भूजलाची पातळी, असे निकष. त्यानंतर नमुन्यादाखल शंभरातल्या दहा गावांत प्रत्यक्ष पाहणी. आणि शेवटी 'मध्यम' आणि 'तीव्र' अशी वर्गवारी. केंद्राच्या आपत्ती निधीकडे हात पसरायचा तर 'तीव्र' हवा. २०१८ साली महाराष्ट्राने १५१ तालुके जाहीर केले, त्यांतले ३९ 'मध्यम' निघाले.

इथे मला माझ्या मूळ विद्येवर बोलू द्या. उपग्रह पान पाहतो, बोंड पाहत नाही. ऑगस्टात पंचवीस दिवसांचा खंड पडला की कपाशीच्या पात्या आणि कोवळी बोंडे गळतात. सप्टेंबरात दोन पाऊस आले की तेच झाड पुन्हा हिरवेगार होते. आकाशातून शेत छान दिसते, वेचणीला बाई जाते तेव्हा ओटी रिकामी. ज्वारीचेही तसेच. निसवण्याच्या वेळी ताण बसला तर ताट उभे राहते, कडबा होतो, कणसात दाणा भरत नाही. हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. जुनी पैसेवारी काही आदर्श नव्हती. तिच्यातला हिशेब कसा फिरवला जाई हे मी पीक कापणीच्या वेळी शेतात उभे राहून पाहिले आहे. पण तिथे निदान कणीस तोलले जात होते आणि भांडायला समोर माणूस होता.

न्यायालयाने पुस्तिका सुधारा म्हटले होते, दार अरुंद करा म्हटले नव्हते. आदेश पाळला गेला आणि त्याचा हेतू मारला गेला. याला अवमान म्हणता येत नाही, हीच त्यातली मेख आहे.

गायरानाचे पाहा. २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सर्व राज्यांना सांगितले. त्याच निकालात लिहिले आहे की सरकारी आदेशाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद नियमित करता येतील. आपल्या राज्याने त्याच वर्षी शासन निर्णय काढला. पण गावात नोटीस येते तेव्हा कारकुनाच्या तोंडी 'अतिक्रमण काढा' एवढेच असते. अपवादाचे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही. मराठवाड्यात दोन पिढ्या गायरान कसून खाणाऱ्या भूमिहीनाचे घर त्या न वाचलेल्या वाक्यावर उभे आहे.

मग आपण काय करायचे?

निकालानंतर सरकारने काही पाऊल उचलले की तीन प्रश्न विचारा. हे उत्तर सभागृहात उघडपणे दिले की कचेरीत गुपचूप? निकालात दाखवलेला दोष काढला की निकालच बुडवला? आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याला बोलायची संधी मिळाली का? १९५१ चे उत्तर आणि 'दुष्काळसदृश' हा शब्द यांतला फरक या तीन प्रश्नांत कळतो.

आणि कामे :

१. निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि तिच्यातला आदेशाचा परिच्छेद मराठीत करून ग्रामसभेत वाचा. मथळ्यावर विसंबू नका.

२. अंमलबजावणीसाठी संबंधित अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर नाही आले तर माहिती अधिकारात विचारा की या निकालावर कोणते परिपत्रक काढले.

३. तारीख विसरू नका. अवमानाची कारवाई एका वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते, असे १९७१ च्या कायद्यात कलम २० आहे. सरकार वर्ष कसे काढायचे ते जाणते.

४. नवी नियमावली किंवा शासन निर्णय आला की महिन्याभरात जिल्हा बैठकीत त्याचे वाचन झालेच पाहिजे. पिकाचा निकष चुकला असेल तर ते सांगायला माझ्यासारखे शेतीशास्त्र शिकलेले लोक आहेत. आम्हाला कामाला लावा.

५. मंडळाचे पावसाचे रोजचे आकडे वहीत उतरवा. पीक कापणी प्रयोग गावात असेल त्या दिवशी चार शेतकरी तिथे हजर असावेत.

६. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते. आपल्या आमदाराला लेखी विचारा की अमुक निकालावर सरकारने काय केले, हा प्रश्न तुम्ही सभागृहात मांडणार की नाही.

यातले एकही काम वकिलाचे नाही. वकिलाची फी एकदा भरली की आपली जबाबदारी संपली, ही सवय आपल्याला महागात पडली आहे. कापूस पेरून राखण शेजाऱ्यावर सोपवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. निकालाची राखणही आपल्यालाच करावी लागेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या मंडळांची यादी आणावी : २०२३ साली कोण 'दुष्काळा'त होते, कोण 'सदृश'मध्ये आणि कोणाच्या पदरात काय पडले. तिथून सुरुवात करू.